ओढ्यापलीकडचं टोक

गेल्या महिन्यात माझ्या भाच्यानं आमच्या घरात इंटरनेट फिरवलं. वरच्या खोलीत ते काही केल्या पोहोचत नव्हतं आणि नव्या वायरीसाठी भिंती फोडायला मी तयार नव्हते. मग त्यानं भिंतीत पडून असलेली केबल टीव्हीची जुनी गोल वायर हुडकून काढली, खाली एक आणि वर एक अशा डब्या बसवल्या आणि नेटची नवी वायर त्या जुन्या वायरीला जोडून दिली. दोन वेगळ्या तऱ्हेच्या वायरी, मध्ये डबी, आणि वर सगळं सुरळीत. जाताना त्यानं खिशातून एक बारीकशी पितळी टोपी काढली आणि वायरीच्या रिकाम्या फाट्यावर फिरवून घट्ट बसवली. "मावशी, उघडं टोक ठेवायचं नसतं," म्हणाला. मी चहा ठेवायचं निमित्त करून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाही.

ते वाक्य मी याआधी ऐकलं होतं. परभणीजवळच्या पूर्णेला, माणिकअप्पांच्या तोंडून.

मी तिथल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा अप्पांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या मला भाड्यानं मिळाल्या. मागच्या बाजूला अप्पा, गंगाबाई आणि त्यांची एकुलती एक मुलगी शालू. अंगणाच्या कडेला पत्र्याचं शेड, तेच अप्पांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. ताडकळसला भावांच्यात त्यांचा शेतीचा वाटा होता, पण अप्पांचा जीव तिकडे कधी रमला नाही. भाऊ म्हणायचे, औत हाकायचं सोडून हा तारा चाटत बसतो. हे मात्र खरंच होतं. सेलमध्ये जीव आहे की नाही हे अप्पा जिभेला लावूनच बघायचे, आणि नंतर असा चेहरा करायचे की गंगाबाई म्हणायची, "माझ्या कालवणाची बी अशी चव घेऊन बगा की कवातरी."

उंच, जरासे वाकलेले, धोतरावर बुशशर्ट, कानावर पेन्सिल. त्या पेन्सिलीनं त्यांनी काही लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. बोलणं तोडकं. कुणाचा रेडिओ उघडायच्या आधी ते त्याला हळूच थोपटायचे, म्हशीची धार काढायच्या आधी थोपटतात तसं. खिशात सुपारीची डबी असायची, पण तिच्यात सुपारी नसायची. वायरीच्या टोकाला बसवायच्या छोट्या छोट्या टोप्या असायच्या. अप्पा त्या घरीच जुळवायचे आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळायचे. त्यांना ते टोपरी म्हणायचे, तान्ह्या बाळाची असतात तशी.

टीव्ही नवेनवे आले त्या दिवसांत आमच्या गल्लीचा एक ठरलेला कार्यक्रम असायचा. अप्पा पत्र्यावर चढून अँटेना फिरवणार आणि शालू खाली टीव्हीसमोर बसून ओरडणार.

"आलं का?"

"न्हाई."

"आता?"

"आलं... गेलं. थोडं मागं घ्या. आलं, आलं."

शालू माझ्याच वर्गात होती. अभ्यासात बरी, लबाडीत फार हुशार. चित्र लख्ख आलं तरी ती कधी कधी मुद्दाम "गेलं" म्हणायची. अप्पा बिचारे भर उन्हात परत खांब पिळायचे. मग तिला हसू आवरायचं नाही आणि पत्र्यावरून आवाज यायचा, "शाले, बापाला भाजायलीस काय?" रागावलेल्या माणसाचा आवाज तसा नसतो. शेजारपाजारचे लोकसुद्धा हातातलं काम टाकून ऐकत बसायचे.

अप्पांच्या अँटेनावरून शेजारच्या दोन-तीन घरांना वायरी दिलेल्या होत्या. त्यातल्या एकानं टीव्ही विकला आणि वायर तशीच लोंबती ठेवली, तर उरलेल्या सगळ्यांच्या पडद्यावर माणसांच्या शेजारी त्यांचीच फिकी सावली दिसायला लागली. एकाला दोन नाकं, दुसऱ्याला चार डोळे. मी घाबरून अप्पांना बोलावलं. त्यांनी त्या घरी जाऊन लोंबत्या टोकाला टोपरं घातलं आणि सावली गेली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पाटाचं पाणी शेवटी बांधाला आपटलं की मागं फिरतंय का न्हाई? तसं हाय. टीव्ही असला की तो पिऊन घेतंय. टीव्ही काढला, टोक उघडं राह्यलं, की ते उलटं येतंय. उघडं टोक ठेवायचं न्हाई." शालू मागून त्यांच्याच आवाजात म्हणाली, "ठेवायचं न्हाई." हा धडा तिला माझ्या कुठल्याही धड्यापेक्षा पक्का पाठ होता.

शालूनं मिलिंदशी लग्न केलं ते परभणीला जाऊन, कचेरीत सह्या करून. मिलिंद रेल्वेत फिटर होता. त्याचं घर ओढ्यापलीकडे, बौद्ध वस्तीत. पोरगा नाकासमोर चालणारा, वाचणारा. एरवीसुद्धा हे लग्न कुणी पचवलं नसतं, आणि ते दिवस तर विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून माणसं एकमेकांच्या ओट्यावर बसेनाशी झाली होती ते. मागच्या जाळपोळीची आठवण वस्तीत अजून ताजी होती.

तिसऱ्या दिवशी ताडकळसहून अप्पांचे भाऊ आले. थोरले बापूराव, आणि त्यांच्यामागे धाकटे दोघे. माझ्या खोलीचं दार मधल्या अंगणात उघडत होतं, त्यामुळे सगळं कानावर पडलं. बापूराव म्हणाले, "पोरीचं काय करायचं ते तू बघ. त्या पोराचं आमी बघतो. रेल्वेच्या कामावर जायचा रस्ता ठावं हाय आमाला."

अप्पा उठले, देवघरात गेले आणि खंडोबापुढचा भंडारा अन् बेलाचं पान घेऊन आले. बेलभंडारा उचलून घेतलेली शपथ त्यांच्या घरात आजवर कुणी मोडली नव्हती. अप्पांनी तो भावासमोर धरला.

"उचल. त्या पोराला, त्याच्या घरादाराला तुमचं बोट लागणार न्हाई म्हण. मग मी उचलतो."

"तू काय मनून उचलणार?"

"तिचं तोंड बघणार न्हाई. तिच्या दारात जाणार न्हाई. तिच्याशी बोलणार न्हाई. तिचा निरोप घेणार न्हाई, तिला देणार न्हाई. आमच्यातून ती गेली."

बापूरावांनी उचलला. धाकट्यांनी उचलला. शेवटी अप्पांनी. गंगाबाईला कुणी विचारलंच नाही. भाऊ गेल्यावर ती चुलीपाशी बसून मला म्हणाली, "मला कुनी उचलायला लावला न्हाई, बरं का बाई. मी बाजारात कुनाला बी भेटीन." आणि खरंच ती दर आठवडी बाजारात भाजीच्या निमित्तानं लेकीला भेटून यायची. घरी येऊन एक शब्द बोलायची नाही, कारण नवऱ्याची शपथ तिला कळत होती. पण येताना गुणगुणत आली की अप्पांना उमजायचं, पोरगी बरी आहे. त्या रात्री ते एक भाकरी जास्त खायचे.

केबल आली ती त्यानंतर. अप्पांनी अंगणात मोठी तबकडी उभी केली, गल्ल्यागल्ल्यांतून गोल काळी वायर फिरवली, हाताखाली याकूब नावाचा वायरमन ठेवला. काही महिन्यांनी ओढ्यापलीकडची पोरं आली, आमालाही कनेक्शन द्या म्हणाली. अप्पा म्हणाले, "पुलापातूर मी आणतो. पुढं याकूब."

पुलाशी गोल वायर संपली. नवा गुंडाळा नांदेडहून यायचा होता आणि अप्पांना धीर नव्हता. त्यांनी घरी येऊन पत्र्यावरच्या जुन्या अँटेनाची चपटी वायर सोडवली आणि याकूबच्या हातात दिली. याकूब वैतागला. "अप्पा, गोल तार अलग, चपटी अलग. मेल नै खाते."

"जोड बराबर केला की चालतंय," अप्पा म्हणाले. दोन दिवस खपून त्यांनी एका बारक्या कडीवर तार गुंडाळून तो जोड तयार केला, पावडरच्या डब्यात बसवला, आणि डबा पुलाच्या अलीकडच्या खांबाला बांधला. तिथून पुढे चपटी वायर. ज्या वायरीच्या खालच्या टोकाला बसून शालू "आलं, गेलं" ओरडायची, तीच वायर आता ओढा ओलांडून गेली. शेवटचं घर मिलिंदचं होतं. ते कुणी ठरवलं, हे मी याकूबला विचारलं नाही.

पुढे थोड्याच दिवसांत एका दुपारी त्या लायनीवरच्या सगळ्या टीव्हींत सावली आली. अप्पा सायकल काढून धावले, घरोघर टोकं तपासत गेले, पुलाशी पोहोचले आणि थांबले. अलीकडे कुठंच टोक उघडं नव्हतं. परत आले तोवर सावली गेली होती. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर, त्याच सुमाराला, परत आली. अप्पा सायकलकडे गेले नाहीत. टीव्हीसमोर बसून राहिले. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या चेहऱ्याशेजारी तिचा दुसरा फिका चेहरा हलत होता, आणि तिकडे बघत अप्पा अगदी हळू म्हणाले, "आलं."

मला काही कळलं नाही. ज्या माणसाला गिऱ्हाइकाच्या पडद्यावरची एवढीशी सावली सहन होत नव्हती, तो रोज दुपारी सावलीची वाट बघत बसायला लागला होता. लोक तक्रार करायचे, तर "वाऱ्यानं हुतंय," म्हणून वाटेला लावायचे. ओढ्यापलीकडे चित्र फिकं दिसायचं. याकूब म्हणायचा, मध्ये एक बूस्टर टाका, लोक बोंबलतायत. अप्पा ऐकेनात. सगळ्या गावाला बूस्टर आणि त्या एका लायनीला नाही.

कारण मला शालूच्याच घरी दिसलं. माझ्यावर काही शपथ नव्हती. मी अधूनमधून तिच्याकडे जात असे. त्या दुपारी बोलता बोलता ती उठली, टीव्हीच्या मागची पिन उपसली आणि ती हातात धरून नुसती उभी राहिली. ओठ हलत होते. थोड्या वेळानं पिन परत खोचली.

"काय गं हे?"

"अप्पाला कळतंय," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावत हसली. "बाई, बोलत न्हाई आमी. निरोप बी न्हाई. नुसतं टोक उघडं टाकते."

बूस्टर का नको, तेही मग उमजलं. बूस्टर पुढे ढकलतो, मागचं मागे येऊ देत नाही. तो बसवला असता तर ओढ्यापलीकडच्या सगळ्यांना चित्र चांगलं दिसलं असतं आणि अप्पांना काहीच दिसलं नसतं.

मध्ये दीडेक महिना सावली आली नाही. अप्पांनी जेवण टाकलं. शालूला मुलगी झाली होती आणि बाळंतीण म्हणून ती सासूच्या खोलीत पडून होती, हे गंगाबाईला बाजारात कळलं. ती सांगायला म्हणून तोंड उघडणार तोच अप्पा उठून शेडमध्ये गेले. "असला कसला देव तुमचा," ती त्यांच्या पाठीमागे म्हणाली आणि रडायला लागली. मग एक दिवस सावली आली. एकदा आली, गेली, परत आली, परत गेली, लपाछपी खेळावी तशी. अप्पा शेडमध्ये जाऊन टोपऱ्यांची डबी घेऊन आले आणि त्यातलं एक तळहातावर ठेवून किती तरी वेळ बघत बसले. त्यांना काय कळलं ते मी विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी त्यांनी गल्लीतल्या पोरांना पेढे वाटले, आणि कशाबद्दल ते कुणालाही सांगितलं नाही.

अशी तीन-चार वर्षं गेली. बाप-लेकीचं असं नातं मी दुसरं पाहिलं नाही. विद्यापीठाच्या नावाचा निकाल आता लागणार, मग लागणार, असं चाललं होतं आणि गावातली हवा परत तंग झाली होती. बापूराव एकदा येऊन गेले. ओट्यावरूनच विचारलं, "शब्द पाळायलास न्हवं?" अप्पा म्हणाले, "तुमी पाळा. मी पाळायलोच."

तो बाजारचा दिवस होता. शाळेतून निघताना फाटकापाशी ओढ्यापलीकडची एक बाई माझी वाट बघत उभी होती. शालूला दुसऱ्या खेपेचा सातवा महिना चालू होता. दुपारी ती टीव्हीपाशी उभी होती, तिथंच कळ येऊन खाली बसली. रक्त थांबेना. मिलिंदनं तिला नांदेडच्या गाडीत घातलं. नांदेड यायच्या आधीच, गाडीतच, ती गेली.

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. अप्पा टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर सावली होती. दुपारी आलेली सावली, अजून तशीच. इतकी वर्षं त्यांनी माझ्यापाशी या गोष्टीचा एक शब्द काढला नव्हता. त्या दिवशी त्यांचा चेहरा उजळलेला होता. समोर गूळ-शेंगदाण्याची ताटली. माझ्याकडे सरकवत म्हणाले, "घ्या बाई. आज लय वेळ बसली. दुपारधरनं हाय. सोडतच न्हाई."

मी म्हणाले, "अप्पा, शालू..."

त्यांनी हात वर केला. "न्हाई बाई. निरोप नगं. तेवढं मोडू नका माझं."

मी उभी राहिले. त्या वर केलेल्या हाताखालून मला ते शब्द काढता येईनात. देवाशपथ सांगते, आयुष्यात मला इतकं कठीण काही गेलं नाही. ते पडद्याकडे बघत शेंगदाणे खात होते. गंगाबाईची बाजारातून यायची वेळ झाली होती. तिचं गुणगुणणं ऐकायला त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला, आणि गल्लीच्या तोंडाशी तिचा हंबरडा ऐकू आला.

अंत्यविधी ओढ्यापलीकडे झाला. गंगाबाई गेली, मी गेले. अप्पा पुलाच्या अलीकडे, पावडरच्या डब्याच्या खांबाला हात लावून उभे राहिले. मी परत येताना रागानं म्हणाले, "अप्पा, आता कसली शपथ? ती तर गेली."

"तिच्याशी कवा हुती शपथ," ते म्हणाले. "तिच्यासाठी हुती. तो पोरगा हाय अजून. त्याचं लेकरू हाय. गावात काय चाललंय बघायलाव न्हवं. मी पुलावर पाय टाकला की बापूरावचा हात मोकळा झाला."



सावली गेली नाही. मिलिंदच्या घरात कुणी त्या पिनेला हात लावला नव्हता. शालूच्या हातून सुटली तशी ती लोंबत होती. लोकांची ओरड वाढली तेव्हा अप्पांनी नांदेडहून वायर आणून सगळ्यांना याकूबच्या हातून नवी लाईन टाकून दिली, बूस्टरसकट. जुनी लाईन फक्त त्यांच्या टीव्हीपासून त्या एका घरापर्यंत राहिली. याकूब एकदा म्हणाला, "अप्पा, मैं जाके टोपरा लगा देतूं." अप्पांनी मानेनंच नको म्हटलं. ज्यानं आयुष्यभर एक टोक उघडं ठेवलं नाही, तो त्या उघड्या टोकासमोर रोज दुपारी बसायचा. बातम्यांतली बाई दोन चेहऱ्यांनी बोलायची.

पुढे एकदा मी मिलिंदकडे गेले असताना ती पिन दिसली आणि मी त्याला सगळं सांगितलं. तो थक्क झाला. म्हणाला, "बाई, ती रोज काढायची. मला वाटायचं, टीव्ही तापतो मनून काढायली." त्याची पोरगी, मंजू, खाली बसून आमच्या तोंडाकडे बघत होती. त्यानं तिला उचलून कडेवर घेतलं.

मग माझी पालमला बदली झाली. सामान ट्रकनं पुढे गेलं आणि मी निरोपाला म्हणून मधल्या अंगणात गेले. जेवणं झाली होती. अप्पा टीव्हीसमोर. फार वाळले होते, कानावर पेन्सिल तशीच. गंगाबाईनं माझी ओटी भरली. मी अप्पांना नमस्कार करायला वाकले आणि उठते तो पडद्यावरची सावली नव्हती.

चित्र लख्ख झालं होतं. अप्पा अर्धवट उठले. कुणी वायर तोडली, घर सोडलं, काय झालं असेल ते सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तेवढ्यात सावली आली. लगेच गेली. परत आली. हात चुकत असावा, पिन भोकात नीट बसत नसावी, अशी तडतडत येत होती, जात होती. मंजूला कुणी तरी कडेवर घेतलेलं असेल, कुणी तरी शिकवत असेल. मला लगेच कळलं. मी अप्पांकडे वळले.

त्यांनी हात वर केला.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "सांगू नका. निरोप हुतंय ते."

गंगाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. अप्पा परत खाली बसले, आणि पडद्यावरची नजर न काढता ओठांतल्या ओठांत म्हणायला लागले, "आलं... गेलं... आलं."

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी पिशवी उचलली आणि त्यांना न सांगताच निघाले.